पर्स कापली, फोन गेला आणि नोंद झाली ‘हरवला’ म्हणून : इंदूरमधील एका ऑनलाइन तक्रारीचा अभ्यास

हे प्रकरण नमुन्याचे आहे. राजवाडा-सराफा भागात होणाऱ्या नेहमीच्या चोऱ्यांवरून ते जुळवले आहे. त्यातली माणसे कोणी ठरावीक नाहीत. कलमे, मुदती आणि पोर्टलच्या अटी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. किरकोळ गुन्ह्याची तक्रार घरबसल्या करता येते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण पहिल्या रात्री फॉर्ममध्ये जे भरले जाते, त्यावर पुढे तपास होणार की नुसता कागद हातात राहणार हे ठरते, हे तितकेसे ठाऊक नाही.

घटना

राजेंद्रनगरला राहणाऱ्या एक काकू, वय 58. गौरी-गणपतीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी सीतलामाता बाजारात साडी घेतली आणि 6:50 ला दुकानात यूपीआयने पैसे दिले. तिथून गर्दीतून पायी राजवाड्याकडे निघाल्या. 7:25 ला ई-रिक्षात बसताना पर्स हलकी लागली. तळाच्या शिवणीलगत बोटभर लांबीचा सरळ काप होता आणि आतले अस्तरही त्याच रेषेत कापलेले. फोन गेला होता, छोट्या पाकिटातले 2,300 रुपये गेले होते. कोणी धक्का दिला नाही, हिसका मारला नाही, कोणाचा चेहराही लक्षात राहिला नाही.

घरी आल्यावर मुलाने सिम बंद करून घेतले, बँकेला कळवले आणि रात्री अकराच्या सुमारास पोलिसांच्या पोर्टलवर ‘गुम वस्तु’ या सेवेत फोनची नोंद केली. दहा मिनिटांत क्रमांकासह पावती आली. घरच्यांना वाटले, एफआयआर झाली.

पहिली चूक: दार चुकले

मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर अशा प्रसंगी दोन वेगळी दारे आहेत. हरवलेल्या वस्तूची नोंद हे एक आणि ई-एफआयआर हे दुसरे. हरवल्याची नोंद म्हणजे तुम्ही स्वतः केलेले निवेदन. त्यात गुन्हा घडला असे कोणी म्हटलेले नसते, त्यामुळे तपास अधिकारी नेमला जात नाही, जबाब होत नाहीत, दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण कोणी मागत नाही. डुप्लिकेट सिम, नवे लायसन्स, गुणपत्रिकेची दुसरी प्रत अशा कामांना ती पावती चालते आणि तिचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे.

इंदूरच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. इथेच तयार झालेल्या ‘सिटिझन कॉप’ अ‍ॅपवरही हरवलेल्या वस्तूची नोंद करता येते, आणि त्या नोंदींवरून क्राइम ब्रँचने फोन शोधून मालकांना परत दिल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे ती नोंद वाया जाते असे नाही. पण शोध घ्यायचा की नाही हे तिथे पोलिसांच्या सवडीवर राहते. एफआयआर झाली की तपास करणे हे त्यांचे कायदेशीर काम होते. पर्स ब्लेडने कापलेली असताना फोन ‘हरवला’ म्हणणे खरेही नाही आणि सोयीचेही नाही.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. फोन खरोखर रिक्षात विसरला असेल तर केवळ विमा मिळावा म्हणून ‘चोरी’ लिहू नये. खोटी माहिती देऊन पोलिसांना कामाला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ई-एफआयआरमध्ये काय बसते

मध्य प्रदेशात ही सोय 2021 मध्ये सुरू झाली. अटी मोजक्या आहेत. वाहनचोरी असेल तर किंमत 15 लाखांपर्यंत आणि साधी चोरी असेल तर 1 लाखापर्यंत. आरोपी अज्ञात हवा. बळाचा वापर झालेला नको आणि कोणाला इजा झालेली नको.

काकूंचे प्रकरण यात नीट बसते. हाच फोन हातातून हिसकावून नेला असता तर ते कलम 304 म्हणजे झपटमारी. त्यासाठी थेट ठाण्यात जावे लागते, आणि प्रसंग डोळ्यांसमोर घडत असेल तर 112 ला फोन. चालत्या सिटी बसमध्ये पर्स कापली गेली असती तर प्रवासी वाहनातली चोरी म्हणून कलम 305 लागले असते, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. बाजारातल्या रस्त्यावरची चोरी कलम 303(2) मध्ये येते, तिला तीन वर्षांपर्यंत. अर्जदाराने कलम लिहायची गरज नाही, ते ठाण्याचे काम आहे. आपण जागा अचूक सांगायची. बसमध्ये, रस्त्यावर की दुकानाच्या आत, यावर कलम बदलते.

‘आरोपी अज्ञात’ या अटीवर पुष्कळांचे अडते. बाजूला घुटमळणाऱ्या निळ्या शर्टाच्या मुलावर संशय असेल तर त्याचे वर्णन जरूर लिहावे, वर्णन दिले म्हणून आरोपी ज्ञात होत नाही. पण ‘आमच्याकडे काम करणाऱ्या अमुकवर संशय आहे’ असे नाव लिहिले की प्रकरण ई-एफआयआरच्या बाहेर गेले. नाव सांगायचेच असेल तर ठाण्यात जाऊन सांगावे.

दुसरी चूक: किंमत

रविवारी एका ओळखीच्या वकिलांनी ई-एफआयआर करायला सांगितले. सोमवारी रात्री मुलाने फॉर्म भरला. मालाची किंमत या रकान्यात त्याने 4,600 लिहिले, कारण जुना फोन घेणाऱ्या साइटवर त्या मॉडेलला, स्क्रीनवर तडा आहे असे सांगितल्यावर, तेवढाच भाव दिसला. वीस महिन्यांपूर्वी फोन 14,999 ला घेतला होता. आणि 2,300 रुपये रोख गेले होते, ते त्याने लिहिलेच नाहीत. नोटा काही परत मिळत नाहीत, मग कशाला लिहा, असा त्याचा विचार.

इथे सगळे बिघडू शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे त्यात एफआयआर होत नाही. ठाण्यात फक्त नोंद होते, इंदूरच्या ठाण्यांत तिला ‘अदम चेक’ म्हणतात. अर्जदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगितले जाते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मुलाने प्रामाणिकपणे भरलेला 4,600 हा आकडा त्याच्या आईची तक्रार या खान्यात ढकलत होता.

यावर उपाय म्हणून आकडा फुगवायचा नाही. चोरीला गेलेल्या सगळ्या मालाची एकत्र किंमत लिहायची. एफआयआरच्या नमुन्यात मालाचे वर्णन आणि एकूण किंमत असे स्वतंत्र रकाने याचसाठी आहेत. फोनची आजची किंमत अगदी कमीत कमी धरली तरी 4,600 अधिक 2,300 मिळून 6,900 होतात, म्हणजे मर्यादेच्या वर. फोनपुढे खरेदीची तारीख, खरेदीची रक्कम आणि सध्याची अंदाजे किंमत हे तिन्ही लिहावे, सोबत बिल जोडावे. पॉवर बँक, चष्मा, छोटे पाकीट, जे गेले ते सगळे यादीत यावे. आमच्या पाहण्यात हा रकाना लोक सर्वांत घाईने भरतात आणि त्याचाच परिणाम सर्वांत मोठा होतो.

तिसरी चूक: संपर्काचा नंबर

फॉर्मवर मोबाइल नंबर काकूंचाच दिला होता, जो फोनबरोबर गेला तोच. डुप्लिकेट सिम सोमवारी दुपारी मिळाले होते, पण नवा हँडसेट यायचा होता म्हणून ते कपाटात होते. मंगळवारी ठाण्यातून फोन आला असणार, उचलायला कोणीच नव्हते.

याची किंमत मोठी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने गुन्ह्याची माहिती देता येते; पण माहिती देणाऱ्याने तिच्यावर तीन दिवसांत सही करायची असते, तेव्हाच ती रीतसर नोंदीवर घेतली जाते. सही राहिली तर ऑनलाइन पाठवलेला मजकूर नुसता पडून राहतो. अर्थात त्यामुळे हक्क बुडत नाही. तीच माहिती ठाण्यात तोंडी सांगून एफआयआर होऊ शकते किंवा फॉर्म पुन्हा भरता येतो. जातो तो वेळ, आणि बाजारातल्या दुकानांचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी यंत्रे, जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेत असतात. किती दिवसांनी, हे हार्डडिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर ठरते. छोट्या दुकानात आठवड्याभरातही ते जाते.

म्हणून नोंदणीचा ओटीपी आणि संपर्क या दोन्हींसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा चालू नंबर द्यावा. तक्रारदार म्हणून नाव मात्र काकूंचेच, कारण सही त्यांनाच करायची आहे. मुलाने स्वतःच्या लॉगिनवरून तक्रारदार म्हणून स्वतःचेच नाव टाकले की ठाण्यात पहिला प्रश्न येतो, घटनेच्या वेळी तुम्ही होतात का?

डुप्लिकेट सिमबाबत आणखी एक बारकावा आहे. नव्याने दिलेल्या सिमवर एसएमएसची सोय पहिले 24 तास बंद असते. सिम चोरून ओटीपी पळवणाऱ्यांना रोखण्यासाठी हा नियम आहे. सिम सुरू झाले, कॉल लागतो, पण ओटीपी येत नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि पोर्टल काही वेळासाठी अडवते. चोवीस तास जाऊ द्यावेत.

फॉर्म पुन्हा भरला तो असा

बुधवारी संध्याकाळी सगळे नव्याने केले. जिल्हा निवडताना ‘इंदूर शहर’ आणि ‘इंदूर ग्रामीण’ यांत गोंधळ होऊ देऊ नये. शहरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण पोलीस वेगळे. ठाणे निवडायचे ते घटनास्थळाचे, घराचे नव्हे. राजवाड्याच्या आसपास एकापेक्षा अधिक ठाण्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात, त्यामुळे इथे चुकण्याची शक्यता जास्त. पण चुकले म्हणून तक्रार परत करता येत नाही: कलम 173 मध्येच हद्द कोणतीही असो, माहिती घेतली पाहिजे असे म्हटले आहे. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. तरी ठाणे आधीच बरोबर असले तर चार दिवस वाचतात.

घटनेची वेळ ‘संध्याकाळी’ अशी लिहू नये. शेवटचा यूपीआय व्यवहार 6:50 आणि चोरी लक्षात आली ती 7:25, म्हणून वेळ 6:50 ते 7:25. तपास अधिकाऱ्याला कॅमेऱ्याचे पाच तास पाहण्याऐवजी पस्तीस मिनिटे पाहायची असतात. बँकेच्या अ‍ॅपमधला तो व्यवहार, साडीचे बिल आणि गूगलच्या ‘फाइंड’ सेवेत दिसलेले फोनचे शेवटचे ठिकाण, या तिन्हींचे स्क्रीनशॉट जोडले.

आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. दोन्ही द्यावेत. ते फोनच्या खोक्यावर असतात, बहुधा बिलावर असतात, आणि खोके फेकले असेल तर अँड्रॉइड फोनच्या गूगल खात्यात त्या उपकरणाच्या माहितीत सापडू शकतात. क्रमांक 15 अंकी असतो आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर संगणकाला ते ओळखता येते. पण दुसऱ्याच फोनचा बरोबर क्रमांक टाकला तर कोणीही अडवणार नाही. घरात दोन खोकी असतील तर मॉडेल वाचून मगच टाइप करावे.

घटनेचा मजकूर हिंदीत दिला. त्याचा आशय असा: “मी अमुक तारखेला सीतलामाता बाजारात साडी खरेदी करून 6:50 वाजता यूपीआयने पैसे दिले व फोन पर्समध्ये ठेवला. तेथून पायी राजवाड्याकडे गेले. 7:25 वाजता ई-रिक्षात बसताना पर्स तळाशी कापलेली दिसली. अज्ञात व्यक्तीने पर्स कापून त्यातील मोबाइल (मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय) व 2,300 रुपये रोख चोरून नेले. मोबाइलचे बिल माझ्या मुलाच्या नावे आहे, वापर माझा होता. त्याच रात्री घाईत वस्तू हरवल्याची नोंद (क्रमांक अमुक) केली होती. चोरीची तक्रार वेगळी करावी लागते हे माहीत नव्हते.”

शेवटची तीन वाक्ये पुष्कळ लोक गाळतात, पण ती अत्यावश्यक आहेत. ऑनलाइन मागवलेल्या फोनचे बिल ज्याच्या खात्यावरून मागवले त्याच्या नावे निघते, हे आधीच सांगितले की मालकीचा प्रश्न उरत नाही. आणि एकाच फोनबद्दल आधी ‘हरवला’ व नंतर ‘चोरला’ अशा दोन नोंदी असतील तर त्यातली विसंगती आपणच समजावून द्यावी. पुढे ती विमा कंपनीला दिसणार, आरोपीच्या वकिलालाही दिसणार. एफआयआरच्या नमुन्यात उशिराचे कारण लिहायला रकाना असतो. तिथे खरे कारण लिहिले की पुरते, मोठी सबब लागत नाही.

पर्स

गुरुवारी सकाळी ठाण्यातून मुलाच्या नंबरवर फोन आला, दुपारी काकू सहीला गेल्या. हवालदाराचा पहिलाच प्रश्न: “माताजी, पर्स साथ लाई हैं?” पर्स आणली होती, पण शनिवारी रात्रीच काकूंनी तिला आतून काळ्या दोऱ्याने टाके घातले होते. चांगली पर्स, टाकून कशी द्यायची.

चोरी झाल्याचा एकमेव डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे तो काप. ब्लेडचा काप सरळ, कडा स्वच्छ, अस्तर आणि कापड एका रेषेत. उसवलेली किंवा फाटलेली पर्स अशी दिसत नाही, तिचे धागे लोंबतात. टाके घातले की कडा ओढल्या जातात आणि हा फरक पुसट होतो. कापलेली पर्स, खिसा किंवा पिशवी शिवू नये, धुऊ नये. बाजूला मोजपट्टी ठेवून बाहेरून आणि आतून फोटो काढावेत आणि वस्तू कागदी पिशवीत तशीच ठेवावी. या प्रकरणात सुनेने शनिवारी रात्री बहिणीला पाठवलेला कापलेल्या पर्सचा फोटो होता, वेळेसह. तोच कामी आला.

सही झाल्यावर एफआयआरची प्रत मागून घ्यावी. ती मोफत मिळते, कलम 173(2) मध्ये तसे लिहिले आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे सोडून एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर यायला हवी, ती पोर्टलवरून उतरवूनही घेता येते. ‘प्रत हवी तर अमुक रुपये पाठवा’ असा फोन आला तर तो पोलिसांचा नाही. तसेच ‘तुमचा फोन सापडला, ठिकाण पाहा’ अशी लिंक आली तर ती बहुतेक वेळा स्क्रीनचा पिन किंवा खात्याचा पासवर्ड काढून घेण्यासाठी असते. फोन चोरीला गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात अशा लिंकपासून फार जपावे.

नोंद घ्यायला नकार मिळाला असता तर कलम 173(4) खाली वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते. इंदूर शहरात झोनच्या डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे) जावे, आणि तिथेही काही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे 2013 च्या ललिता कुमारी निकालाने पक्के केले आहे. हा आधार माहीत असावा, पण टीआय साहेबांशी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांशी, बोलण्याची सुरुवात त्याने करू नये. पूर्ण कागद समोर ठेवले की बहुतेक वेळा गरज पडत नाही.

फोन बंद पाडणे

पोलिसांच्या तक्रारीला समांतर असे दुसरे काम म्हणजे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेत आयएमईआय बंद करणे. ही सेवा मे 2023 पासून देशभर आहे. लागणारे कागद: पोलीस तक्रारीची प्रत व क्रमांक, ओळखपत्र, शक्य तर बिल, आणि त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम, कारण ओटीपी त्यावर येतो. इथे हरवल्याची नोंदही चालते, त्यामुळे एफआयआरसाठी थांबू नये. काकूंच्या घरी हे मंगळवारी रात्री होऊ शकले, कारण सिमला तोवर चोवीस तास झाले होते. सुनेच्या फोनमध्ये ते तेवढ्यापुरते घातले.

बंद झालेला फोन भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही आणि कोणी त्यात सिम घातले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. अर्ज केल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी कागदावर लिहून ठेवावा. फोन परत मिळाल्यावर तो पुन्हा सुरू करायला हाच आयडी लागतो, आणि नेमका तोच लोक हरवतात. जुना फोन विकत घेताना उलट तपासणीही करता येते: इंग्रजीत KYM, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 ला.

खात्यातून पैसे गेले असते तर रस्ता वेगळा होता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवले, दोष आपला किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचा असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार ग्राहकावर भार येत नाही. फोनची चोरी आणि खात्याची फसवणूक एकाच मजकुरात कोंबू नये.

पुढे

पोलिसांनी तपासाची प्रगती 90 दिवसांत तक्रारदाराला कळवायची असते, एसएमएसने कळवले तरी चालते. ते न आल्यास एफआयआर क्रमांक देऊन विचारणा करावी. छडा लागला नाही तर प्रकरण ‘खात्मा’ लावून बंद होते. फोनचा विमा असेल तर कंपनी एफआयआर मागते, कधी हा खात्म्याचा कागदही. आणि बहुतेक पॉलिसींत नुसते हरवणे बसतच नाही, कळवण्याची मुदतही एक-दोन दिवसांचीच असते. म्हणून विमा असलेल्या फोनची हरवल्याची नोंद पहिल्याच रात्री घाईने करणे जास्त महागात पडते.

फोन मिळाला तर एफआयआरमुळे एक पायरी वाढते, हेही आधीच माहीत असलेले बरे. जप्त केलेला फोन गुन्ह्यातला मुद्देमाल असतो, तो न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दगीवर, म्हणजे तात्पुरत्या ताब्यात, मिळतो. त्यासाठी अर्ज, बिल, ओळखपत्र, एफआयआरची प्रत आणि हमीपत्र लागते. प्रकरण संपेपर्यंत तो विकायचा नाही, बदलायचा नाही, बोलावले तर हजर करायचा. नुसत्या हरवल्याच्या नोंदीवर सापडलेला फोन ओळख पटवून त्याच दिवशी हातात येतो. सुपुर्दगी झाल्यावर घरी येऊन सीईआयआरवर रिक्वेस्ट आयडी आणि ओटीपी टाकून दोन्ही आयएमईआय मोकळे करून घ्यायचे. तोवर त्या फोनमध्ये घातलेले कोणतेही सिम नेटवर्क पकडणार नाही.